लाल सूत, पांढरं सूत : १९३९ च्या पोलिश 'ग्रुप नारेव'चा तक्ता घरी कसा बनवायचा

सुट्टीच्या दिवशी अण्णांच्या कारखान्यात माग बंद असतात, तेव्हा आम्ही पाच-सहा जण खाली फरशीवर जुनी चादर अंथरतो आणि तिच्यावर लढाई खेळतो. हसू नका. चादर आपली सोलापुरी जॅकार्डची, तिच्यावर चौकोन आधीच विणलेले असतात, त्यामुळं नकाशाला वेगळी घरं आखत बसावं लागत नाही, एक चौकोन म्हणजे दहा किलोमीटर धरलं की झालं. शर्टाची मोठी बटणं म्हणजे पायदळ, रिकाम्या कांड्या म्हणजे घोडदळ, आणि मध्ये कडक भाकरी, शेंगा चटणी ठेवलेली असते ती कुठल्याच बाजूची नाही.

तर मागच्या वेळी पोलंड १९३९ लावला आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच दीड तास भांडण. विषय काय, तर पोलंडची घोडदळाची एक ब्रिगेड कुणाच्या हाताखाली. एकाने मोबाईलवर एक तक्ता दाखवला त्यात ती 'मॉडलिन' आर्मीखाली, दुसऱ्याच्या तक्त्यात ती वेगळ्याच ग्रुपमध्ये, तिसरा म्हणे अशी ब्रिगेड त्या वेळी उरलीच नव्हती. आणि मजा म्हणजे कोण बरोबर हे ठरवताच येईना, कारण कुणाच्याच तक्त्यावर तारीख नव्हती! तेव्हापासून मी तात्पुरत्या फॉर्मेशन्सचे, म्हणजे लढाईपुरत्या जमवलेल्या सैन्याच्या जुळण्यांचे, कोण कुणाच्या हाताखाली ते दाखवणारे तक्ते सुताने बनवतो, आणि कसे बनवतो ते खाली सांगतोय, उदाहरण त्याच लढाईतल्या 'नारेव' ग्रुपचं. हिस्ट्री ऑप्शनलवाल्यांना, वॉरगेमवाल्यांना, कॉलेजात प्रेझेंटेशन आहे त्यांना, सगळ्यांना चालेल.

सामान आधी सांगतो म्हणजे बाजारात एकच चक्कर. एक जाड ड्रॉइंग शीट किंवा सरळ थर्माकोलचा तुकडा, टाचण्या, दोन रंगाचं सूत, लाल आणि पांढरं, कुठल्याही मागवाल्याकडं उरलेलं मिळेल, पोस्टकार्डाएवढे पुठ्ठ्याचे तुकडे पंधरा-वीस, काळं स्केचपेन. डिंक घेऊ नका. पहिला तक्ता मी डिंकाने चिकटवला होता आणि आठ दिवसात पुठ्ठ्यासकट फाडावा लागला, कारण तात्पुरत्या फॉर्मेशनमध्ये चिकटवण्यासारखं काही नसतंच.

आता हे 'तात्पुरतं' म्हणजे काय ते डोक्यात बसवा, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळं आषाढीचा बंदोबस्त कसा असतो ते आपल्याला माहिती आहे. बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलीस येतात, त्यांची नेमणूक, पगार, सर्व्हिस बुक सगळं त्यांच्या जिल्ह्यात, पण त्या दिवसांपुरता हुकूम इथल्या बंदोबस्ताच्या साहेबांचा. वारी संपली, माणसं परत, बंदोबस्त नावाची गोष्टच उरत नाही. पोलंडचा 'ग्रुपा ओपेरात्सीना' म्हणजे ऑपरेशनल ग्रुप अगदी असाच. शांततेच्या काळात पोलिश सैन्यात ३० इन्फन्ट्री म्हणजे पायदळाच्या डिव्हिजन होत्या (एका डिव्हिजनमध्ये तीन रेजिमेंट), घोडदळाच्या ११ ब्रिगेड होत्या, पण त्यांच्या वर लढाईत चालवणारी कायमची आर्मी किंवा कोर (दोन-तीन डिव्हिजनचा गट) अशी पायरी नव्हती. देशाचे दहा लष्करी जिल्हे होते, ते भरती, गोदामं, प्रशासन बघायचे. लढायची वेळ आली की डिव्हिजन-ब्रिगेडी उचलून कुणातरी जनरलच्या हातात द्यायच्या. मोठी जुळणी असेल तर तिला आर्मी म्हणायचं, लहान असेल तर ऑपरेशनल ग्रुप. ग्रुप साधारण कोरएवढा, पण त्यात काय असेल याचा साचा ठरलेला नाही, काम बघून माप.

आणि 'सामोद्झ्येल्ना' हा शब्द पुढं लागला की तो ग्रुप स्वतंत्र. स्वतंत्र म्हणजे मर्जीचा मालक नव्हे ओ, कुठल्या आर्मीच्या मध्यस्थीशिवाय थेट सरसेनापतीला जोडलेला, एवढंच. १९३९ मध्ये सरसेनापती मार्शल एडवर्ड रिद्झ-श्मिग्वी. नारेव ग्रुपच्या नावात हा शब्द आहे, म्हणून तो 'मॉडलिन' आर्मीखाली दाखवणारा तक्ता चूक, तो आर्मीच्या शेजारी दाखवायचा. आमच्या भांडणातला पहिला गडी इथंच बाद झाला.

आता पहिलं काम, आणि हे टाळलंत तर बाकी सगळं पाण्यात : शीटच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहा. मी ३१ ऑगस्ट १९३९ घेतो, संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मनीने हल्ला केला, म्हणजे ही युद्धाच्या आधीची शेवटची संध्याकाळ, सगळी मांडणी कागदावर ठरल्यासारखी उभी आहे आणि अजून काही फुटलेलं नाही. मार्च १९३९ पण घेता येईल, तेव्हाच ही जुळणी ठरायला लागली, पण मार्चच्या तक्त्यात अर्ध्या गोष्टी नुसत्या कागदावर असतात, पहिल्याच तक्त्याला ते झेपत नाही.

तारखेच्या खाली एक ओळ कामाची लिहा. नारेवचं काम काय होतं? वर ईस्ट प्रशिया, म्हणजे जर्मनीचा तो तुटक तुकडा, पोलंडच्या डोक्यावर बसलेला. तिथून खाली उतरणाऱ्या जर्मनांना नारेव आणि ब्येब्झा या नद्यांच्या काठावर अडवायचं, डाव्या हाताला मॉडलिन आर्मी, उजव्या हाताला लिथुआनियाची हद्द. ग्रुपला नाव नदीचं मिळालं ते यामुळं. आर्म्यांची नावं बघा, मॉडलिन, वुच, क्राकुफ, पॉझ्नान, सगळी जागेची. काम लिहिलं की एक गोष्ट लगेच दिसते, की एवढ्या लांब पट्ट्याला माणसं कमी आहेत आणि त्यातली बरीच घोड्यावर आहेत. ते का, तर त्या भागात जंगलं, दलदल, आणि पोलिश प्लॅनिंगवाल्यांचा मुख्य जोर पश्चिमेकडं. माझं मत विचाराल तर हा ग्रुप म्हणजे रिकाम्या जागेवर टाकलेली जाजम होती, खाली गादी नव्हती.

आता पुठ्ठे. नाटोची खूण वापरली तर सोपं पडतं, त्या काळची ती नव्हती पण आपल्याला ओळखता आल्याशी मतलब. एक चौकट काढायची, पायदळ असेल तर दोन तिरक्या रेघा एकमेकींना छेदणाऱ्या, घोडदळ असेल तर एकच तिरकी रेघ. चौकटीच्या डोक्यावर फुल्या : ब्रिगेडला एक, डिव्हिजनला दोन, कोरला तीन. रेजिमेंटला फुल्या नाहीत, तीन उभ्या दांड्या.

सगळ्यात वर कमांडरचा पुठ्ठा, ब्रिगेडियर जनरल चेस्वाफ म्वोत-फियाव्कोव्स्की. याच्या डोक्यावर तीन फुल्या काढायचा मोह होईल, काढा, पण तुटक रेघेत, कारण हा कोर नव्हे. हा माणूस आधी वॉमझाच्या १८ व्या डिव्हिजनचाच कमांडर होता. हे लक्षात ठेवा, तात्पुरत्या फॉर्मेशनला कमांडर कुठून येतो हा नेहमी विचारायचा प्रश्न आहे, आभाळातून पडत नाही, बहुतेक वेळा आजूबाजूचाच कुणीतरी असतो ज्याला जमीन माहिती आहे.

त्याच्या खाली चार पुठ्ठे. पायदळाचे दोन : १८ वी इन्फन्ट्री डिव्हिजन, कर्नल स्तेफान कोसेत्स्की, आणि ३३ वी राखीव इन्फन्ट्री डिव्हिजन, कर्नल तादेउश कालिना-झेलेन्येव्स्की. घोडदळाचे दोन : पोदलास्का ब्रिगेड, जनरल लुद्विक क्मिचित्स-स्क्षिन्स्की, आणि सुवाल्स्का ब्रिगेड, जनरल झिगमुंत पोदहोर्स्की. बस्स, मोठे तुकडे एवढेच.

३३ व्या राखीवची चौकट पण तुटक काढा. कारण शांततेच्या काळात ही डिव्हिजन नसतेच, तिला कायमचं गाव नाही, मोबिलायझेशनला, म्हणजे युद्धासाठी माणसं बोलावली की, राखीव माणसं आणि सीमा सुरक्षा दल, पोलिशमध्ये ज्याला 'कॉप' म्हणतात, अशांच्या भरवशावर ती उभी राहते. अशा डिव्हिजनमध्ये रेजिमेंटचे नंबर शंभरच्या पुढचे असतात, १३३, १३४, १३५, हे बघूनच ओळखायचं की ही लग्नाआधी आठ दिवसांत जमवलेली वाजंत्री आहे. वाजवणारे वाईट असतात असं नाही, एकत्र कधी वाजवलेलं नसतं.

इथं नावं कशी म्हणायची ते सांगून टाकतो, कारण आमच्यातला एकजण अजून 'लोम्झा' म्हणतो. पोलिशमध्ये एल अक्षराला मधून रेघ मारलेली असेल तर तो 'व' होतो. म्हणून वॉमझा, म्वोत, श्मिग्वी. आणि डब्ल्यू म्हणजे आपला साधा 'व', पण शब्दाच्या शेवटी तो 'फ'कडं झुकतो, म्हणून औगुस्तुफ, झाम्ब्रुफ. तसं बघितलं तर नारेवचं पण नारेफ होतं, पण नदीचं नाव मी आपलं नारेवच ठेवलंय, भांडू नका. पोलिश भाषा आपल्याला एवढी परकी वाटायचं कारण नाही, कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहून गेले, पूर्व पोलंडमधून रशियाने उचलून सैबेरियाकडं नेलेली कुटुंबं होती ती.

आता पांढरं सूत. हे कायमच्या घराचं. शीटच्या खालच्या कडेला गावांच्या टाचण्या लावा आणि प्रत्येक रेजिमेंटच्या पुठ्ठ्यापासून तिच्या गावापर्यंत पांढरं सूत बांधा. १८ व्या डिव्हिजनचं घ्या : ३३ वी रेजिमेंट वॉमझा, ४२ वी ब्यावीस्तोक, ७१ वी झाम्ब्रुफ, आणि तोफांची १८ वी लाइट आर्टिलरी रेजिमेंट ऑस्त्रुफ माझोव्येत्स्का. म्हणजे एकच डिव्हिजन पण चार गावांत. हुकूम निघाल्यावर ती एका जागी यायलाच वेळ जातो, हे सूत बांधताना हाताला कळतं.

पोदलास्का ब्रिगेड : ५ वी उलान रेजिमेंट ऑस्त्रोवेंका, १० वी उलान ब्यावीस्तोक, ९ वी 'स्त्शेल्त्सी कोन्नी' म्हणजे घोड्यावरचे रायफलवाले, ग्रायेवो. ग्रायेवो जर्मन हद्दीला जवळजवळ चिकटलेलं. सुवाल्स्का ब्रिगेड मोठी, चार रेजिमेंटची : १ ली उलान औगुस्तुफ, २ री उलान सुवाव्की, ३ री 'श्वोलेझेर' तीही सुवाव्की, आणि ३ री स्त्शेल्त्सी कोन्नी ववकोविस्क. हे शेवटचं गाव बाकीच्यांपासून बरंच लांब, पांढरं सूत तिथं कमी पडतं, आमच्याकडं दर वेळी पडतं.

थांबा, इथं तीन खड्डे आहेत आणि मी तिन्हीत पडलोय. एक, सुवाल्स्का ब्रिगेडमध्ये ३ नंबरच्या दोन रेजिमेंट आहेत. ३ री श्वोलेझेर आणि ३ री स्त्शेल्त्सी कोन्नी. टायपिंगची चूक समजून मी एक पुठ्ठा फेकून दिला होता आणि मग ब्रिगेड तीनच रेजिमेंटची निघाली. उलान, श्वोलेझेर, स्त्शेल्त्सी कोन्नी ही तिन्ही घोडदळाचीच नावं, परंपरा वेगळी, नंबरांची मोजणी वेगळी, काम एकच. दोन, ३३ वी रेजिमेंट ही १८ व्या डिव्हिजनमध्ये, आणि ३३ वी राखीव डिव्हिजन वेगळी, दोघांचा आकडा एक म्हणून नातं काही नाही, आडनाव सारखं म्हणून भावकी होत नसते तसं. तीन, आणि हा सगळ्यात वाईट : 'दिविझ्या' म्हणजे डिव्हिजन, पण 'दिविझ्योन' म्हणजे डिव्हिजन नव्हे! दिविझ्योन म्हणजे तोफांच्या दोन-तीन-चार बॅटऱ्यांचा (बॅटरी म्हणजे काही तोफांची तुकडी) किंवा चिलखती गाड्यांचा गट, बटालियनएवढा. पोदलास्का ब्रिगेडकडं १४ वा घोडेतोफखाना दिविझ्योन, सुवाल्स्काकडं ४ था, आणि चिलखतीचे अनुक्रमे ३२ वा आणि ३१ वा. ऑनलाइन ट्रान्सलेटर याला बिनधास्त 'डिव्हिजन' करतो आणि मग एका ब्रिगेडच्या पोटात दोन डिव्हिजन दिसतात, म्हणजे पिशवीत पोतं.

चिलखती दिविझ्योन ऐकून टँक डोळ्यासमोर आणू नका. १३ टँकेट, म्हणजे दोन माणसं कशीबशी बसतील अशा छोट्या चिलखती गाड्या, आणि थोड्या चिलखती मोटारी. घोडदळाने टँकवर भाले घेऊन हल्ला केला वगैरे गोष्टी पण सोडा. हे घोडदळ घोड्यावरून जागेवर पोचायचं आणि उतरून लढायचं, त्यांच्याकडं ३७ मिलिमीटरच्या बोफोर्स अँटीटँक तोफा होत्या. हो, तीच बोफोर्स कंपनी, पण ही तोफ वेगळी आणि आपल्या लफड्याच्या खूप आधीची.

पांढरं झालं की लाल सूत. हे हुकमाचं. चार मोठ्या पुठ्ठ्यांपासून म्वोत-फियाव्कोव्स्कीच्या टाचणीपर्यंत लाल, आणि त्याच्यापासून वर थेट रिद्झ-श्मिग्वीपर्यंत लाल. मॉडलिन आर्मीचा पुठ्ठा बाजूला लावा, जनरल एमिल क्रुकोविच-प्शेद्झिमिर्स्की, पण नारेवपासून त्याच्याकडं सूत नेऊ नका. तुम्ही आता शीटपासून चार पावलं मागं जाऊन बघा, पांढरं सूत खाली गावोगाव पसरलेलं, लाल सूत वर एका माणसाकडं गोळा झालेलं. अण्णा हे बघून म्हणाले, अरे हा तर ताणा-बाणा झाला की, पांढरा ताणा बीमवरचा, कायमचा ताणलेला, आणि लाल बाणा धोट्यातला, डिझाइन बदललं की बदलणार. आयुष्य मागावर गेलेला माणूस, एका वाक्यात मोकळा झाला, मला हे सांगायला अर्धं पान लागलं.

किल्ल्याबंदीचे तुकडे वेगळे लावा, बारीक पुठ्ठ्यांवर. नदीकाठी ओसोव्येत्सचा जुना किल्ला, विझ्ना, नोवोग्रुद, वॉमझा इथं बंकरांच्या जागा होत्या, काही तर त्या उन्हाळ्यात बांधायला घेतलेल्या आणि अर्धवटच राहिलेल्या. विझ्नाची जागा जवळून बघण्यासारखी आहे कारण तात्पुरतेपणा तिथं सगळ्यात खालच्या पातळीवर दिसतो. कॅप्टन व्वादिस्वाफ रागिनिस हा कॉपचा अधिकारी, पूर्वेच्या सीमेवरचा माणूस. त्याच्या हाताखाली सगळी मिळून ७२० च्या आसपास माणसं, पण ती एका पलटणीची नव्हेत, किल्ल्याची कंपनी इथली, मशिनगनवाले ७१ व्या रेजिमेंटचे, अशी उचलून आणलेली. पुठ्ठा एकच, पण त्याच्यातून पांढरी सुतं तीन-चार दिशांना जातात. ७ ते १० सप्टेंबर ही जागा जर्मन जनरल गुडेरियनच्या कोरसमोर टिकली आणि शेवटी रागिनिसने हातबॉम्बने स्वतःला संपवलं. 'एकास चाळीस' असा आकडा तुम्हाला दिसेल, तो तक्त्यावर लिहू नका, त्यात जर्मन बाजूला अख्खं कोर मोजलेलं असतं, सगळं कोर काही एकाच वेळी त्या बंकरांवर चालून आलेलं नव्हतं. ७२० माणसांची गोष्ट त्या आकड्याशिवाय पण पुरेशी मोठी आहे.

आता वजन टाका. प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागं पेन्सिलने माणसं लिहा, पेन्सिलने म्हणतोय. युद्धाच्या साच्यातली पोलिश इन्फन्ट्री डिव्हिजन साधारण १६,५०० माणसांची, तीन रेजिमेंट, प्रत्येकीत तीन बटालियन. तीन रेजिमेंटची घोडदळ ब्रिगेड सहा हजारांच्या आसपास, चार रेजिमेंटची सात हजारांवर. बेरीज केली तर पंचेचाळीस हजारांच्या घरात जाते, पण ही कागदाची बेरीज आहे, राखीव डिव्हिजनला तोफा, गाड्या, सगळंच कमी असायचं. मी राखीव पुठ्ठ्याचा कोपरा कापून टाकतो म्हणजे खेळताना विसर पडत नाही.

मोबिलायझेशनची तारीख पण मागं लिहा. सार्वत्रिक मोबिलायझेशन २९ ऑगस्टला जाहीर झालं, ब्रिटन-फ्रान्सच्या दबावाने त्याच दिवशी मागं घेतलं, ३० ला परत जाहीर केलं आणि पहिला दिवस धरला ३१ ऑगस्ट. म्हणजे आपल्या तक्त्याची जी संध्याकाळ आहे तोच मोबिलायझेशनचा पहिला दिवस! विचार करा, स्टेशनवर गर्दी, कुणाला हुकूम मिळालाय, कुणी घरी परत गेलाय. त्यातल्या त्यात बरं एवढंच की बऱ्याच तुकड्या आधीच, मार्चपासून टप्प्याटप्प्याने, गुपचूप बोलावून घेतल्या होत्या, नाहीतर पहिल्या तारखेला बटणंच कमी पडली असती.

तक्ता झाला का हे तपासायचं कसं? कुठल्याही एका रेजिमेंटवर बोट ठेवा आणि विचारा, हिला हुकूम कोण देतं, आणि हिची भाकरी कोण देतं. दोन्हीचं उत्तर सुताने मिळालं पाहिजे. हा दुसरा प्रश्न मी पुस्तकातून नाही शिकलो. कॉलेजात असताना आम्ही काही पोरं एका मोठ्या यात्रेत स्वयंसेवक म्हणून गेलो होतो, दोन दिवसांसाठी आम्हाला आमच्या टीममधून काढून दुसऱ्या टीमला जोडलं. काम नव्या टीमचं करायचं. रात्री जेवणाची पाकिटं आली तर नव्या टीमच्या यादीत आमची नावं नाहीत, जुन्या टीमने आम्ही तिकडं गेलो म्हणून कमी केलेली. दोघंही बरोबर, आणि आम्ही सतरा जण रात्री अकराला केळी खाऊन झोपलो. तेव्हापासून कुठलाही जोडलेला तुकडा दिसला की मला पहिलं पाकिट आठवतं. सैन्यात पाकिटाच्या जागी काडतुसं, घोड्याचा दाणा, टेलिफोनची वायर. कायमच्या कोरकडं हे सगळं स्वतःचं असतं, तात्पुरत्या ग्रुपचा स्टाफ पण जमवलेला, सिग्नलवाले पण जमवलेले. नारेवचा कमांडर आपल्या चार तुकड्यांशी बोलणार कसा, हा प्रश्न जर्मन टँकांइतकाच मोठा होता.

हात बसावा म्हणून आणखी दोन तक्ते करून बघा, छोटे आहेत. एक १९३८ चा ग्रुप 'श्लोंस्क', जनरल व्वादिस्वाफ बोर्तनोव्स्की. म्युनिक करारानंतर पोलंडने चेकोस्लोव्हाकियाकडून झाओल्झ्ये हा पट्टा घेतला, २ ऑक्टोबर १९३८ ला हा ग्रुप आत शिरला, माणसं सुमारे ३६ हजार, काम झालं, गुंडाळला. त्या कामाबद्दल पोलंडला नंतर बरंच ऐकून घ्यावं लागलं आणि माझ्या मते ते रास्तच होतं, पण तक्ता म्हणून तो स्वच्छ आहे, सुरुवात आणि शेवट दोन्ही हातात येतात. यात मोटारवर चढवलेली १० वी घोडदळ ब्रिगेड पण आहे, म्हणजे नाव घोडदळ आणि घोडा नाही, तिची खूण कशी काढायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

दुसरा, माझा आवडता, 'इंटरव्हेन्शन कोर', ऑगस्ट १९३९, जनरल स्तानिस्वाफ स्क्वार्चिन्स्की. ग्दान्स्क या बंदराच्या शहरात नाझींनी काही उलथापालथ केली तर आत घुसायला म्हणून उभा केलेला. फक्त दोन डिव्हिजन, १३ वी आणि २७ वी. पांढरं सूत बांधायला घ्या आणि बघा ते कुठं जातं : १३ वीचं घर रुव्हने, २७ वीचं कोव्हेल, म्हणजे देशाच्या पार पूर्वेच्या टोकाला, आणि त्यांना आणून उभं केलं उत्तरेच्या कॉरिडॉरमध्ये, म्हणजे समुद्राकडं जाणाऱ्या पोलंडच्या चिंचोळ्या पट्टीत. ३१ ऑगस्टला कोर मोडला. लाल सूत ओढून काढलं. पण बटणं नकाशावर जिथं होती तिथंच, ती काय सुताबरोबर उडून येतात का? १३ वीला खाली मध्य पोलंडात 'प्रूसी' आर्मीकडं पाठवलं आणि २७ वी कॉरिडॉरमधून निघता निघता १ सप्टेंबरला हल्ल्यात सापडली. तक्त्यात एक सूत काढायला दोन सेकंद लागतात, डिव्हिजन हलवायला आगगाड्या लागतात, हे मला या कोरने शिकवलं.

खेळ संपल्यावर नारेवचा तक्ता लगेच मोडू नका, पुढच्या तारखा त्याच्यावरच करता येतात. २-३ सप्टेंबर, पोदलास्काच्या कांड्या सरळ ईस्ट प्रशियात घुसून परत येतात, तिथं लाल सूत तसंच. १० सप्टेंबर, विझ्नाचा पुठ्ठा काढा. १३ सप्टेंबर, झाम्ब्रुफ-आंद्झेयेव्होजवळ १८ वी डिव्हिजन वेढली जाऊन संपते, कोसेत्स्की जखमी होऊन कैदेत, तिच्या पुठ्ठ्याबरोबर मधलं लाल सूत सैल पडतं आणि ग्रुप म्हणून काही धरून ठेवायला उरत नाही. म्वोत-फियाव्कोव्स्की पण पुढं जर्मनांच्या हाती लागला, १९४४ मध्ये मुर्नाउच्या युद्धकैदी छावणीत वारला. मग दोन घोडदळ ब्रिगेडींचं जे उरलं ते पोदहोर्स्की एकत्र बांधतो, 'झाझा' घोडदळ डिव्हिजन, झाझा हे त्याचंच टोपणनाव. ती जाऊन जनरल क्लेबेर्गच्या 'पोलेस्ये' ग्रुपला मिळते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कॉक या गावाजवळ शेवटची लढाई लढते. आमच्या भांडणातला तिसरा गडी, जो म्हणत होता की अशी ब्रिगेड उरलीच नव्हती, तो हा तक्ता बघत होता, सप्टेंबरअखेरचा. त्याची माफी मागितली, चहा त्यालाच पाजायला लावला तो भाग वेगळा.

झाझाचा पुठ्ठा लावताना पोदलास्का, सुवाल्स्काचे पुठ्ठे काढा पण खालच्या टाचण्या, औगुस्तुफ, सुवाव्की, ग्रायेवो, तशाच ठेवा आणि पांढरी सुतं सोडू नका. आमच्या शीटवर ती अजून लोंबतायत, ववकोविस्कचं तर गाठ मारून वाढवलेलं आहे.